शेवटची बस येऊन गेल्यावर

शाजी एन. करुण यांच्या ‘पिरवी’ (१९८८) या मल्याळम चित्रपटात एक म्हातारा बाप मुलाची वाट पाहतो. पिरवी म्हणजे जन्म. उतारवयात झालेला हा मुलगा, रघू, शहरात इंजिनिअरिंग शिकतो आहे. बहिणीच्या साखरपुड्याला तो यायचा असतो, पण येत नाही. त्याचे वडील राघव चाक्यार रोज होडीने नदी ओलांडून बसथांब्यावर जातात आणि शेवटची बस येऊन गेली की परततात.

या कथेमागे आणीबाणीतली एक खरी घटना आहे. कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी मार्च १९७६ मध्ये उचलले. त्याचे वडील, हिंदीचे प्राध्यापक ईचर वारियर, दारोदार फिरले, पुढे उच्च न्यायालयात गेले. मुलाचा मृतदेह त्यांना कधीच मिळाला नाही.

मेलेल्याचे सुतक धरता येते, दहावे-तेरावे करता येते. हरवलेल्याचे काहीच करता येत नाही. चित्रपटाचा सगळा बांधा या अडचणीवर उभा आहे. म्हणूनच पोलिसी छळाची दृश्ये न दाखवण्याचा निर्णय फार मोलाचा ठरतो. ती दाखवली असती तर प्रेक्षकाला निदान काय घडले ते कळल्याचे समाधान मिळाले असते. इथे हाती लागतो तो नुसता बापाचा दिनक्रम. बस थांबते, माणसे उतरतात, बस निघून जाते. हे पुन्हापुन्हा घडते, आणि दर खेपेला म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची आशा थोडी अधिक केविलवाणी वाटते. ती भूमिका करणारे प्रेमजी तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्या थकलेल्या चालीला अभिनय म्हणणेही जड जाते. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चित्रपटालाही मिळाला, आणि कान महोत्सवात त्याचा खास उल्लेख झाला.

करुण हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले छायालेखक, जी. अरविंदन यांचे अनेक चित्रपट त्यांनी टिपले होते. दिग्दर्शनाच्या या पहिल्या प्रयत्नात मात्र कॅमेरा त्यांनी सनी जोसेफ यांच्याकडे सोपवला. पाऊस, नदी आणि ओले घर यांच्यात माणसे लहान होत जातात. ध्वनीचे काम टी. कृष्णनउण्णी यांचे. घरातली माणसे जे बोलू शकत नाहीत, त्याची जागा पावसाचा आवाज भरून काढतो. शोकपटात पार्श्वसंगीताने गळा काढण्याचा मोह मोठा असतो. तो इथे टाळलेला आहे.

चाक्यार मंत्र्यापर्यंत जातात, पोलिसांकडे जातात. रघूला पकडलेलेच नाही, असे उत्तर मिळते. खरे काय ते मुलीला कळते, तेही रघूच्या मित्रांकडून. मुलीची ही भूमिका अर्चनाची आहे. इथून प्रेक्षक आणि मुलगी एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला. कळलेले सांगण्याचा धीर तिला होत नाही. तोवर बापाच्या मनातली भास आणि वास्तव यांमधली रेघ पुसली गेलेली असते, आणि रघू घरी आला आहे असे त्याला वाटू लागते.