आकडा चौदावरच थांबला

पेरणी आटोपली होती आणि पीककर्जाचे कागद द्यायचे होते. तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात आम्ही दहा-बारा जणं बसलो होतो. पाऊस आला, लाईट गेली. लाईट परत आली तेव्हा कंप्युटरच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आणि 14 चा आकडा, एवढंच.

"किती वेळ लागन रे बापू?" मी विचारलं.

"डिस्क तपासून राहिली काकू. काई सांगता येत नाई."

तास झाला, दीड तास झाला. आकडा चौदाच. शेवटची एस.टी. निघायची वेळ झाली. मागून कुणी म्हणालं, "मेलं ते. बंद करून पुन्हा चालू कर न!" पोरानं आमच्याकडे पाहिलं. माझीही मान हलली, खोटं कशाला बोलू? त्यानं बटण दाबलं, अन् मशीन उठलंच नाही. सातबारे सरकारच्या मोठ्या यंत्रात असतात, ते वाचले. पण आम्ही दिलेले अर्ज, फोटो त्या डब्यात होते. त्यातले पुष्कळ गेले. माझेही.

यवतमाळहून आलेल्या दुरुस्तीवाल्यानं मग समजावून सांगितलं. सातबारा गटाचा अन् आठ-अ खातेदाराचा, दोन्हीचा मेळ बसावा लागतो. डिस्कमध्येही तसंच असतं. मजकूर एकीकडे, तो कुठे ठेवला याची यादी दुसरीकडे. लिहिता लिहिता लाईट गेली की मेळ तुटतो. मग मशीन एकेक नोंद ताडून पाहते. डिस्कवर एखादी जागा खराब लागली तर तीच पुन्हा पुन्हा वाचते. तेव्हा काम चालू असते, आकडा मात्र हलत नाही. जुन्या मशिनी निदान "पाचपैकी चौथा टप्पा" असं तरी लिहायच्या.

मला राग आला तो इथंच. "खराब जागा लागली, पुन्हा वाचतो आहे, बंद करू नका," एवढं मराठीत लिहिलं असतं तर आम्ही एस.टी. सोडली असती, बटणाला हात लावू दिला नसता. मुक्या आकड्याकडे पाहून माणसानं काय समजावं? बैलसुद्धा दुखलं तर कान पाडतो.

2017 साली कंप्युटरमधल्या सातबाऱ्यांच्या चुका दुरुस्त करताना गावोगावी चावडी वाचन झालं होतं. आमच्या विहिरीची नोंद सुटलेली तिथंच कळली. नंतर दुरुस्तीला वेळ लागला, पण कुणी ओरडलं नाही. कुठं अडलंय ते सगळ्यांनी कानानं ऐकलं होतं.

परवा पुन्हा त्या केंद्रात गेले. पोरानं भिंतीवर हातानं लिहून कागद डकवला होता: 'मशीन तपासणी सुरू असताना आकडा थांबला तरी काम चालू असते. बटण दाबू नये.' माझ्या पुढच्या म्हाताऱ्यानं तो दोनदा वाचला अन् "मंग मी चहा पिऊन येतो," म्हणत छत्री उचलली.