सिरोंचा : तीन नद्यांच्या काठचे गाव

पहिला दिवस : आलापल्ली ते सिरोंचा

प्राणहिता गोदावरीला मिळते तिथून जरा वर, प्राणहितेच्या डाव्या काठावर सिरोंचा वसले आहे. आलापल्लीहून शंभरेक किलोमीटरांची वाट सागाच्या रानातून येते. जिल्ह्याचे ठाणे गडचिरोली दोनशे किलोमीटरांपलीकडे, तर तेलंगणातले काळेश्वर नदी ओलांडली की आलेच. म्हणून इथे कचेरीत मराठी, दुकानात तेलुगू आणि आसपासच्या पाड्यांवर माडिया-गोंडी असा कारभार चालतो.

दुसरा दिवस : नदीकाठ

1860 पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता. त्या वर्षीच्या तहाने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा एकाएकी ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचे मुख्यालय झाले. भद्राचलम, रेकापल्ली, चेर्ला, अल्बाका, नुगूर हे तालुके त्याच्या हाताखाली होते.

एवढ्या आडवळणी गावाला हा मान मिळाला तो गोदावरीमुळे. वऱ्हाडचा कापूस बोटींनी थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा, असा इंग्रज इंजिनियर सर आर्थर कॉटन यांचा आग्रह होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (1861-65) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा या योजनेला जोर चढला. पण नदीत खडकांचे तीन मोठे अडसर होते : दुम्मागुडेम, इंद्रावतीच्या संगमाजवळचे एंचमपल्ली आणि प्राणहितेवरचे देवलमरी. त्यांना वळसा घालणाऱ्या कालव्यांवर अफाट पैसा ओतला गेला. दरम्यान आगगाडी वऱ्हाडात पोचली आणि 1871 मध्ये जलमार्गाचे काम थांबवण्यात आले. 1874 मध्ये जिल्हाच मोडला. भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रासकडे गेले, सिरोंचा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यातली एक तहसील उरली. नुगूर, अल्बाका, चेर्लाही पुढे मद्रासला जोडले गेले. यातल्या एकाही फेरफारात इथल्या माणसाला कोणी विचारले नाही.

नंतरच्या नोंदी सरळ आहेत : 1956 मध्ये मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र, 26 ऑगस्ट 1982 रोजी नवा गडचिरोली जिल्हा.

तिसरा दिवस : पोचमपल्ली, वडधम

तालुक्याची जमीन मात्र या साऱ्या सरहद्दींहून फार जुनी. पोचमपल्लीजवळ 1960 च्या सुमारास भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना ज्युरासिक काळातल्या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरची हाडे सापडली. रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ ठेवले गेले. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. वडधमला दगड झालेली झाडांची खोडे जागेवरच पाहायला मिळतात, आणि ती पाहिल्याशिवाय कोणी परतू नये.

चौथा दिवस : काळेश्वर, मेडीगड्डा

काळेश्वरच्या गाभाऱ्यात एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत, एक काळेश्वर म्हणजे यमाचे, दुसरे मुक्तेश्वर शिवाचे. प्राणहितेच्या पुष्करासाठी, म्हणजे नदीस्नानाच्या पर्वासाठी, दर बारा वर्षांनी दोन्ही काठांवर गर्दी लोटते. मागचा पुष्कर एप्रिल 2022 मध्ये झाला.

तिथून खाली गोदावरीवर तेलंगणाने मेडीगड्डाचा बंधारा बांधला. 2019 मध्ये त्याचे उद्घाटन झाले, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. त्याआधी, जुलै 2022 च्या महापुरात सिरोंच्याच्या काठावरची गावे पाण्यात गेली. पाणी तेलंगणाच्या शेतीसाठी अडवले गेले आणि बुडीत जमीन सिरोंच्याच्या शेतकऱ्याची गेली. तिचा पुरेपूर मोबदला त्याला मिळवून देणे हे महाराष्ट्र सरकारचे काम आहे.