कैवारी की मंत्री?

समुपदेशन हा शब्द आमच्या कानांना अजूनही थोडा टोचतो. त्याच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे, आणि या व्यवसायाची पहिली अट तर उपदेश न करणे ही! मराठी बायबलात मात्र याच वाटेवर आणखी दोन शब्द भेटतात. यशयाच्या 9 व्या अध्यायात 'अद्भुत मंत्री' आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ग्रीक 'पॅराक्लीत'साठी 'कैवारी' आहे. काही इंग्रजी भाषांतरांनी दोन्हीकडे 'कौन्सेलर' घालून काम भागवले. मराठीने सल्ला देणारा आणि बाजूस उभा राहणारा हे वेगळे ठेवले.

हा शब्दच्छलच राहिला असता; पण शहाडहून येणारी आमची एक विद्यार्थिनी मराठीचे एम.ए. संपत आले असता ख्रिस्ती समुपदेशनात उतरायचे म्हणू लागली. आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीकामासाठी आलेले. वडिलांचा आग्रह बी.एड.चा. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे माणसे दुःख घेऊन पाळकांकडे जातात आणि प्रार्थना घेऊन परततात. प्रार्थना हवीच, पण ऐकून कोण घेणार?"

वाट सरळ नाही. ईश्वरविज्ञान शिकायचे तर पुण्याचे युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जे 1983 साली यवतमाळहून तिथे गेले. पण अशा संस्थांतले शिक्षण बहुतांशी इंग्रजीत. मानसशास्त्राचे एम.ए. कोणत्याही पदवीधरास 2025 पर्यंत इग्नूतून करता येत असे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'ख्रिस्ती समुपदेशक' या नावाला तशी सरकारी ओळख नाही. तेव्हा मानसशास्त्र आधी, असे आमचे मत आम्ही तिला स्पष्ट दिले. (सल्ला दिलाच म्हणायचा!) श्रद्धा तिच्याजवळ आहेच, गंभीर नैराश्य ओळखून रुग्णास वेळीच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे मात्र शिकल्यावाचून येत नाही.

तिला 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला सांगितले. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या काळातल्या त्यांच्या दुःखावर बोलणारे पुष्कळ होते. पुढे जातिभेदाची पकड सुटली, ती कोणाच्या युक्तिवादाने नव्हे. स्वतःशीच विचार करता करता त्या तिथवर पोहोचल्या. धर्मांतर त्यानंतरचे. समुपदेशनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हा भाग आम्हांस अधिक शिकवणारा वाटतो. कैवार घेणाऱ्याने त्या माणसाच्या वतीने विचार करायचा नसतो, एवढे तरी त्यातून कळते.

खरी अडचण मंडळीच्या लहानपणाची आहे. पन्नास-साठ घरे, सारी एकमेकांच्या नात्यातली. मंगळवारी जिचे रडणे ऐकले, तिच्याच शेजारी रविवारी बाकावर बसायचे. पाळकांनी सहज विचारले, "ताई कशी आहे?" तर काय उत्तर द्यायचे? शिवाय सेवा म्हणून केलेल्या कामाची फी मागायची कशी, हा प्रश्न वडिलांनी काढला, आणि तो आम्हांस मुळीच क्षुल्लक वाटला नाही.

सध्या ती इंग्रजी प्रश्नावल्या वहीत मराठीत उतरवून पाहते. परवा 'गिल्ट'पाशी अडली. 'अपराधभाव' आजीला कळणार नाही. आजीच्या ओठांवरचा शब्द 'पाप'. तो लिहिला तर नैराश्याने खचलेली कोणतीही बाई 'हो' म्हणेल आणि पश्चात्तापाच्या प्रार्थनेला बसेल. तिने तो खोडला होता. 'मनाला खात राहते' असे वर लिहिले होते, पुढे प्रश्नचिन्ह.