जिनवाणीचं कपाट आणि मातीतली भिंत



शास्त्रं जमिनीवर ठेवायची नाहीत, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. म्हणून ग्रंथांचं कपाट भिंतीवर हवं होतं. पण ज्या भिंतीवर ते यायचं, तिच्याखालीच सासूबाई रोज सामायिकाला बसतात. अठ्ठेचाळीस मिनिटं जागची हलायची नाही आणि डोक्यावर एवढं ओझं! कपाट अठरा किलो, ग्रंथ पस्तीस. धान्याच्या काट्यावर मी दोन्ही तोलले.

मिस्त्रीभाऊ म्हणाले, "वहिनी, लोखंडी फास्टनर ठोकतो, हत्ती टांगला तरी नाई पडत." काँक्रीटमध्ये ते खरं आहे. फास्टनर आत फुगतो आणि बाजूंना जोर देऊन धरून राहतो. पण पांढरकवड्यातल्या जुन्या घरांसारख्याच आमच्या विटा मातीत रचलेल्या, वरून सिमेंटचा गिलावा. त्या जोराने वीटच तडकते. त्यात आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतीला आधीच बारीक भेगा.

मग आम्ही ड्रिलचा भुगा बघत गेलो. आधी राखाडी, तो गिलावा. त्याची खोली धरायचीच नाही. मग लाल आला की वीट. मातकट आणि भुसभुशीत आला की सांधा लागला, तिथे गट्टी धरत नाही, जागा बदलायची. हॅमर बंद ठेवून साधंच फिरवलं. वेळ लागला, पण वीट शाबूत राहिली.

लांब नायलॉनच्या गट्ट्या घेतल्या. या गट्टीचा मूळ अवतार १९११ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्जने काढला. तो तागाचा होता आणि त्याला घट्टपणा आणायला जनावराचं रक्त वापरत! हे वाचल्यापासून प्लास्टिकबद्दल माझी तक्रार जरा कमी झाली आहे.

कपाट थेट टांगलं नाही. सागाच्या दोन आडव्या पट्ट्या आठ स्क्रूंनी बसवल्या. खालच्या पट्टीवर कपाट टेकतं, वरची त्याला पुढे झुकू देत नाही. वजन खाली ओढतं तेवढंच नसतं, खोल कपाट वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेरही खेचतं. म्हणून कमी खोलीचंच घेतलं.

ड्रिल लावण्याआधी भेगांवरून पुंजणी फिरवली. कोपऱ्यात मुंग्यांची रांग होती, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. मिस्त्रीभाऊ हसले. पण चातुर्मासाआधी, कोरड्या दिवसांत हे उरकायचं ठरवलं होतं ते याचसाठी. पावसात भिंतीत जीव जास्त, ओलही जास्त.

ग्रंथ ठेवण्याआधी कपाटात तेवढ्याच वजनाचे गव्हाचे डबे तीन दिवस ठेवले. पट्टीच्या कडेला पेन्सिलची रेघ मारली होती, ती सरकली नाही. तोवर सासूबाईंचं आसन समोरच्या भिंतीशी. त्या कुरकुरल्या, "एवढं काय गं!"

चुकीच्या जागी पडलेली तीन भोकं त्याच दिवशी सिमेंटने बुजवली. उघडी राहिली असती तर आठवड्यात कोळी राहायला आला असता, आणि मग बुजवायची सोय नाही.