झोपडी खंय गेली?

1977 च्या मार्चमधली गोष्ट. आई मतदान करून शाळेच्या पायऱ्या उतरली ती गोंधळलेलीच. बोटावरची शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरलेला. मला आडोशाला ओढून हळूच म्हणाली, "रे, झोपडी खंय गेली? माका गावाक नाय."

माझ्या पोटात धस्स झालं. आदल्या रात्री मी कंदील घेऊन वाडीतली घरं पालथी घातली होती. यंदा झोपडी नाही, नांगरधारी शेतकरी बघा, असं प्रत्येक ओटीवर बसून समजावलं होतं. आपल्या घरात मात्र सांगायचंच राहून गेलं. मग शिक्का कुठे मारलास, असं विचारलं तर "मारलंय खंय तरी" एवढंच म्हणाली आणि घरची वाट धरली. तो विषय तिनं पुढे कधी काढला नाही.

आईला अक्षरओळख नव्हती. झोपडी ही प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी. 1957, 1962 आणि 1967 अशा तीन निवडणुकांत नाथ पै आमच्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. 1971 च्या जानेवारीत ते अकाली गेले आणि त्याच वर्षी मधु दंडवते निवडून आले. मग आमच्या पक्षाची जुळणी झाली, फूट पडली, पुन्हा जुळणी झाली. 1977 ला नांगरधारी शेतकरी आला, 1989 ला चक्र. दिल्ली-मुंबईत कोण कुणापासून कशासाठी वेगळा झाला, याची कारणं मला तोंडपाठ होती. रात्र रात्र जागून मी ती इतरांना पटवून देत असे. आईच्या ओळखीचं चित्र मात्र त्या कागदावरून निघून गेलं होतं.

तिचं झोपडीशी नातं कसं जुळलं, ते सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे. समाजवाद म्हणजे काय, हे तिला कुणी विचारलं असतं तर ती हसून चुलीकडे वळली असती. आमच्या वाडीला आणि शाळेला एक व्हाळ तोडतो. पावसाळ्यात तो फुगला की चार-चार दिवस मुलं घरात. माझ्या लहानपणी एका उन्हाळ्यात राष्ट्र सेवा दलाची पोरं आली, देवळाच्या पडवीत पंधरा दिवस राहिली आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी त्या व्हाळावर साकव बांधला. आईनं त्यांच्यासाठी पेज शिजवली. रात्री कलापथकाचा कार्यक्रम व्हायचा, गाणी व्हायची आणि अधूनमधून कुणीतरी उठून जातपात मोडण्याबद्दल बोलायचं. ते बोलणं सगळ्यांना पटायचं असं नाही. पण दिवसभर खांद्यावर माडाचे वासे वाहून नेलेला मुलगा बोलतोय म्हटल्यावर लोक बसून ऐकायचे. नाथ पैंचं भाषण ऐकायला आई तीन कोस चालत गेली, ती त्या पोरांचा माणूस बोलणार आहे म्हणून.

मी त्याच पोरांतला झालो. बी.एड. करून गावच्या हायस्कुलात लागलो, 'साधना' घरी येऊ लागलं, शिबिरं सुरू झाली. 1984 साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसनं महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा घेतल्या, तेव्हाही आमच्या मतदारसंघानं दंडवत्यांना निवडून दिलं. त्या रात्री आम्ही पेढे वाटले आणि कोकण आपलं आहे, अशी खूणगाठ मनाशी बांधली. आज वाटतं, आमची घसरण त्या रात्रीपासून सुरू झाली. जिंकलेल्या घरी पुन्हा पुन्हा कशाला जायचं, असं आम्हाला वाटू लागलं.

दंडवत्यांविषयी आजही माझ्या मनात आदराखेरीज काही नाही. 1977 ते 79 रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. लाकडावर पाठ टेकून रात्र काढलेल्या कुणालाही त्याचं मोल कळेल. कोकणात रेल्वे यावी म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. पण खासदार दिल्लीत असतो. गावात पक्ष म्हणजे कार्यकर्ता, आणि तो मी होतो.

आम्ही काय करत होतो? परिसंवाद भरवत होतो, ठराव करत होतो, पत्रकं काढत होतो. एका पत्रकाची आठवण अजून बोचते. आम्ही त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'जमातवादाचा पराभव करा'. पत्रकं घेऊन खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यात गेलो. तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, आमच्या जमातीनं काय केलं?" आमच्याकडे गावागावातल्या मुसलमानांची जमात असते. मशिदीचा कारभार, लग्नकार्य, तंटेबखेडे ती बघते. आम्ही ज्यांच्या बाजूनं उभे राहायला निघालो होतो, त्यांनाच आम्ही त्यांच्या जमातीचे वैरी वाटलो. धर्माधर्मांत तेढ लावणारं राजकारण, या अर्थानं तो शब्द आम्ही पुस्तकातून उचलला होता. छापण्याआधी तो मोहल्ल्यात कुणाला वाचून दाखवावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

आणि देवाधर्माचं. मी एका वर्षी चतुर्थीला घरच्या गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायला नकार दिला. वडील गेल्यानंतरचं पहिलं वर्ष, मी घरात असलेला कर्ता मुलगा, सगळी भावकी ओटीवर जमलेली. मी म्हटलं, माझा यावर विश्वास नाही. चुलत्यांनी गाऱ्हाणं घातलं, आरती झाली, जेवणं झाली. आई त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले, त्याआधी महाराष्ट्रभर फिरले, हे मी मुलांना दरवर्षी शिकवत होतो. गुरुजी विठ्ठल मानणाऱ्यांत विठ्ठलाचे होऊन बोलले, ही साधी गोष्ट शिकवता शिकवता माझ्याच ध्यानात आली नव्हती. गाऱ्हाण्यात आमच्याकडे वाडीतल्या सगळ्यांचं, पोराबाळांचं, गुराढोरांचं भलं मागतात. ते मागायला माझी जीभ का अडखळली, याचं उत्तर आज मला देता येत नाही.

सगळा दोष पद्धतीचा होता असंही नाही. बौद्धवाडीला गावच्या विहिरीवर पाणी भरू द्यावं, म्हणून आम्ही उभे राहिलो तेव्हा काही घरं आमच्यापासून कायमची तुटली. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. ती मतं गेली याचं मला दुःख नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा जावीत. मला छळतात ती दुसरी मतं. ज्यांचा आमच्याशी काहीच वाद नव्हता, ती माणसं कधी उठून गेली, हे आम्हाला कळलंही नाही.

ती गेली मुंबईत. कोकणातलं राजकारण मुंबईच्या चाळींत शिजतं, हे बाहेरच्याला चटकन समजत नाही. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा एक माणूस चाकरमानी. त्याची मनीऑर्डर आली की दुकानातली उधारी फिटते, आणि गणपतीला तो आला की त्याचा शब्द घरात चालतो. माझा थोरला भाऊ लालबागला गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मनीऑर्डरी थांबल्या. काहीजण बोचकं घेऊन गावी परतले, भाऊ मुंबईतच राहिला, मिळेल ते करत. मी त्याला पत्रं लिहिली. कामगारवर्गाच्या लढ्यावर लांबलचक, मनापासून लिहिलेली पत्रं. भेटायला गेलो नाही, कारण सुट्टीत आमची शिबिरं असत.

चार-पाच वर्षांनी तो आजारी पडला. पोटाचं ऑपरेशन, परळच्या इस्पितळात. रक्त लागणार होतं. वहिनी रात्री साडेदहाला चाळीखालच्या शिवसेनेच्या शाखेत गेली. तासाभरात चार पोरं रक्त द्यायला हजर, त्यातल्या दोघांना तर ती ओळखतही नव्हती. ऑपरेशन झालं. पुढे पुतण्याला नोकरी लागली, तीही शाखेतल्या ओळखीनं. मी आठवड्यानं पोचलो, तेव्हा भाऊ उठून बसू लागला होता.

1990 च्या विधानसभेला मालवणातून शिवसेनेचे नारायण राणे निवडून आले आणि आम्ही दचकलो. त्या दिवाळीत मी भावाकडे गेलो असताना तावातावानं बोलू लागलो. धर्माच्या नावानं मतं मागतात, लोकांची डोकी भडकावतात, तुम्हाला हे कसं चालतं? भाऊ गप्प होता. वहिनीनं तांदूळ निवडता निवडता मान वर न करता सांगितलं, "भावजी, तुमी येवक नाय. ते इले."

तिच्या स्वरात राग नव्हता. बाजारात भाजी काय भावानं मिळाली हे सांगावं, तसं ती बोलली. परतीच्या एस.टी.त मी रात्रभर जागा होतो. तिला द्यायला माझ्यापाशी एकही उत्तर नव्हतं. शाखा जे पेरत होती त्यातलं पुष्कळसं मला तेव्हा घातक वाटत होतं, आजही वाटतं. पण वहिनीच्या दाराशी ते विचार चालत आले नव्हते. दाराशी चार पोरं आली होती, दंडाच्या बाह्या वर करून.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या सरकारनं मंडल आयोगाची शिफारस मान्य केली होती, केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांना 27 टक्के जागा. दंडवते तेव्हा अर्थमंत्री होते. आमच्या तालुक्यात भंडारी आणि कुणबी किती! मला वाटलं, आता तरी लोकांना कळेल, आपलं कोण. आम्ही तालुक्याच्या गावी व्याख्यान ठेवलं. वक्ते विद्वान होते, तीन तास झाले. फुल्यांपासून सगळा इतिहास त्यांनी उलगडला. सभा संपल्यावर मागच्या बाकावरचा एक तरुण माझ्यापाशी आला. माझाच जुना विद्यार्थी, भंडाऱ्याचा. म्हणाला, "मास्तरानू, भाषण चांगला झाला. पण दाखल्याक काय काय लागता?"

मला ठाऊक नव्हतं. मामलेदार कचेरीत चौकशी कर, असं मी सांगितलं. नंतर कळलं, त्याच्या तीन खेपा फुकट गेल्या. आजोबांचा शाळेचा दाखला नव्हता, प्रतिज्ञापत्र कसं करायचं माहीत नव्हतं. शेवटी कचेरीसमोर टेबल टाकून बसलेल्या शाखेतल्या पोरांनी त्याचा अर्ज भरून दिला. शिवसेनाप्रमुखांनी मंडलला उघड विरोध केला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या मुलालाही होतं. मंडल आम्ही आणलं, दाखला त्यांनी मिळवून दिला.

1991 च्या निवडणुकीत राजीव गांधींची हत्या झाली, मतदान जूनवर गेलं. दंडवते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत आले. सहानुभूतीची लाट होती, हे खरं. 1984 लाही लाट होती, हेही तितकंच खरं. निकालाच्या संध्याकाळी आमच्यातला एकजण म्हणाला, लोक कृतघ्न आहेत. मी काही बोललो नाही. पाऊस कोसळत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे परळच्या इस्पितळाची पायरी येत होती. 1996 ला ती जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा जिनं दंडवत्यांना पाच वेळा लोकसभेवर पाठवलं ती जागा आमच्या हातून केव्हाच निसटली होती.

96 च्या प्रचारात मी त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. खांद्यावरच्या पिशवीत पत्रकं. तो नोकरीवर गेला होता, घरात त्याची विधवा चुलती होती. तिनं पाणी दिलं, सुपारीचं तबक पुढे केलं, आणि मी विषय काढण्याआधीच आतून एक घडी घातलेला कागद आणला. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. महिनाभर तो मडक्याखाली ठेवलेला होता. "तुमी मास्तर, तुमका वाचूक येता," म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. वयाचा पुरावा, तलाठ्याचा दाखला, रहिवासी दाखला, नवऱ्याच्या मृत्यूची नोंद. नोंद कुठे झाली होती, ते तिला आठवेना. शेजारच्या घरातून तिच्या जावेला बोलावलं, साल जुळवलं. अर्ज भरून होईस्तोवर ऊन ओटीवरून अंगणात उतरलं होतं. नोंदीसाठी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर ग्रामपंचायतीत जायचं ठरलं. मत कुणाला, हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पत्रकं पिशवीतच राहिली. सकाळी नऊला मी पुन्हा तिच्या बेड्याशी उभा होतो.