आकडा घेतलास, पत्र सोडलंस

चि. सुधीर,



तुझं पत्र आल्यापासून डोळ्याला डोळा नाही. दानीएलाची सत्तर सप्तकं तू आजच्या लढायांशी जुळवलीस, ते एक वेळ राहू दे. पण ‘दिवस थोडे उरलेत, घराचं बुकिंग रद्द करतोय, नेहाच्या कॉलेजचंही नंतर बघू’ हे काय लिहिलंस? मेरीला विचारलंस तरी का?

अरे, ते सत्तर आलं कुठून? नवव्या अध्यायात दानीएल यिर्मयाचंच लिखाण वाचत बसलाय. आणि तोच यिर्मया बाबेलला धरून नेलेल्यांना पत्रात सत्तर वर्षांचं सांगताना काय म्हणतो? घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं भलं मागा. तू आकडा तेवढा उचललास!

यिर्मयाचाच बत्तिसावा अध्याय काढ. यरुशलेमेला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहाऱ्यात, आणि चुलतभावाचं अनाथोथचं शेत विकत घेतोय. सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदार बसवले, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला आपल्या लेखनिकाला, बारूखाला सांगितलं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. नगर पडणार हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं?

मी जन्मभर हेच सांगत आले. संदेष्टे म्हणजे पंचांग नव्हे. तकोव्याचा मेंढपाळ आमोस बेथेलला जाऊन खोटी मापं आणि गरिबांची विक्री यांवर बोलला, म्हणून अमस्या याजकाने त्याला हाकललं. तारखा सांगितल्या असत्या तर कोणाचं काय बिघडलं असतं? अमेरिकेत मिलर नावाच्या उपदेशकाच्या लोकांनी दानीएलावरूनच २२ ऑक्टोबर १८४४ ही प्रभू परत येण्याची तारीख धरली. काहींनी पीकसुद्धा काढलं नाही. तेवीस तारीख उजाडलीच.

पंडिता रमाबाईंचं पवित्र शास्त्र दादाने तुझ्याकडे दिलं ना? त्या बाईने उतारवयात मूळ हिब्रूवरून भाषांतर केलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. त्याआधी १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली केडगावला आणल्या. संदेष्टे वाचायचे ते असे.

आणि तरुण संघात तू हेच शिकवतोयस म्हणे. बारावीची पोरं ती, तोंडावर परीक्षा. एखाद्याने पुस्तक मिटलं तर त्याच्या आईला काय सांगशील? रविवारच्या आत मला फोन कर. नेहाच्या फीची मुदत कधी संपते तेही सांग. कमी पडत असेल तर मी भरते.

तुझी,
आत्या