शंभर किलोओहमचा पाठभेद

जुन्या कृतीची प्रत करताना तिच्यातले काय काय उचलायचे, हा प्रश्न पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना नवा नाही. व्हॅक्यूम ट्यूबचा गिटार-अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतल्यावर मात्र तो आम्हांला रेझिस्टरच्या रूपाने भेटला, आणि वर्गात वाटतो तितका सोयीचा राहिला नाही. आम्ही दोघे एकाच मराठी विभागात शिकवतो. व्हॉल्व्हचे जुने रेडिओ बोलते करण्याचा आमचा नाद विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकीच एक, आता रत्नागिरीत राहणारा, गिटार वाजवणारा. त्याला ‘फेंडर चॅम्प’च्या ५एफ१ या आराखड्याबरहुकूम अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. अट एकच : “सर, सगळे मूळचे हवे. रेझिस्टरसुद्धा.”

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेला हा आराखडा अल्पाक्षरत्वाचा नमुना आहे. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एसीचा डीसी करणारी एक ५वाय३, आणि जेमतेम डझनभर रेझिस्टर. त्या काळी हे रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशन जातीचे असत : कार्बनची भुकटी आणि बांधून ठेवणारे द्रव्य यांची दाबून केलेली कांडी, वर तपकिरी आवरण आणि रंगांचे पट्टे. पुढे चिनी मातीच्या दांडीवर कार्बनचा किंवा धातूचा पातळ थर देऊन केलेले फिल्म रेझिस्टर आले. आज लॅमिंग्टन रोडवर किंवा पासोड्या विठोबापाशी मेटल फिल्म मूठभर मागितले तरी किरकोळ पैशांत मिळतात. कार्बन कॉम्पोझिशन मात्र शोधावे लागतात, आणि मिळाल्यावर दुर्मीळ ग्रंथाच्या भावाने घ्यावे लागतात.

भाव वाढला की महात्म्यही वाढते. या तपकिरी कांड्यांमुळेच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ‘उबदार’ येतो, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. समीक्षेत असे विशेषण आले की आम्ही विद्यार्थ्याला विचारतो, संहितेत हे कुठे आहे? तेच इथे विचारायला हवे होते.

रेझिस्टरचा आवाज दोन प्रकारचा असतो. पहिला उष्णतेचा. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली त्याचे माप आणि उपपत्ती प्रसिद्ध केली. तो जात पाहत नाही. शंभर किलोओहमचा कोणताही रेझिस्टर घ्या, खोलीच्या तापमानाला, श्राव्य कंप्रतांच्या पट्ट्यात, तो सुमारे सहा मायक्रोव्होल्टचा असतो. महाग वस्तू आणून तो कमी होत नाही. दुसरा आवाज मात्र जातीवर ठरतो. कणाकणांवरून वाट काढत डीसी प्रवाह जाऊ लागला की कार्बन कॉम्पोझिशनमध्ये जादा खरखर उठते, आणि रेझिस्टरवरील व्होल्टेजबरोबर ती वाढते. मेटल फिल्ममध्ये ती फारच कमी. म्हणून ‘कोणती जात चांगली’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या स्थानी, हे आधी सांगावे लागते. गिटारची तार जोडतो तिथल्या ६८ किलोओहममधून डीसी प्रवाह जवळजवळ नाहीच, तेव्हा खरखरीपुरते तिथे काहीही चालेल. पहिल्या ट्रायोडच्या प्लेटवरील १०० किलोओहमवर मात्र शंभरेक व्होल्ट पडतात, आणि तिथे उठलेली प्रत्येक कुजबुज पुढच्या टप्प्यांतून मोठी होत स्पीकरपर्यंत जाते.

‘उबे’चे काय? तिलाही आधार आहे, पण अरुंद. कार्बन कॉम्पोझिशनवरील व्होल्टेज वाढले की त्याचा रोध किंचित घटतो. त्यामुळे सुरात थोडी विकृती मिसळते. आर. जी. कीन यांनी दाखवून दिले आहे की, जिथे डीसी व्होल्टेज आणि संकेताचा हेलकावा दोन्ही मोठे, तिथेच हा परिणाम जाणवण्याइतका होऊ शकतो. चॅम्पमध्ये ते स्थान म्हणजे दुसऱ्या ट्रायोडची प्लेट. बाकी ठिकाणी तपकिरी कांडी ही वेशभूषा.

पहिल्या प्लेटवर दोन्ही जाती आलटून पालटून लावून पाहिल्या. लावणारा तिसरा, आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले. गिटार न जोडता आवाज पूर्ण वाढवला की खरखरीतला फरक दर वेळी ओळखू आला. गिटार वाजू लागल्यावर दोघांपैकी एकालाही जात सांगता आली नाही.

तरीही आमच्यात एकमत झाले नाही. एकाचे म्हणणे : खरखर हाही त्या काळाचा उच्चार आहे, तो पुसणारे आपण कोण? दुसऱ्याचे म्हणणे : एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा लेखनिकांच्या हातून शिरलेले ते काढले. रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून आलेल्या फेंडर यांच्या समोर त्या काळी बाजारात सर्रास मिळणारा, स्वस्त रेझिस्टर होता. ती लेखनिकाची सवय. तिला कवीचा हेतू कसे म्हणावे? (यावर पहिल्याने विचारले की, हेतू शोधू नका असे आपणच वर्गात सांगतो ना? चहा गार झाला.)

वाद मिटवला तो कोकणातल्या पावसाने. कार्बन कॉम्पोझिशन ओलावा धरतो, आणि त्याचे मूल्य सरकते, बहुधा वरच्या बाजूला. चार महिने भिंतींना ओल येणाऱ्या घरात हे यंत्र राहणार, आत ३०० व्होल्टच्या आसपास वीज, आणि जवळपास व्हॉल्व्हचा जाणकार कारागीर नाही. तिथे विश्वासार्हता ही आस्वादाच्या अलीकडची गोष्ट ठरते.

मग बाकीचे पटकन ठरले. पहिली प्लेट आणि कॅथोडचे लहान रेझिस्टर मेटल फिल्म. तेही अर्ध्या किंवा एका वॅटचे, कारण पाव वॅटच्या कांडीची व्होल्टेज सोसण्याची मर्यादा सहसा २५० असते. ६व्ही६ च्या कॅथोडचा ४७० ओहम एकोणीस-वीस व्होल्टवर पाऊण वॅटहून अधिक उष्णता टाकतो. तिथे एक वॅटचा लावणे म्हणजे कडेलोटावर बसवणे, म्हणून पाच वॅटचा वायरवाउंड. वीजपुरवठ्यातले दोन, आग न धरणारे मेटल ऑक्साइड.

दुसऱ्या प्लेटवर तपकिरी कांडी ठेवली आहे. त्याने मागितलेले मूळ तेवढेच. मागच्या फळीच्या आतून एक पाकीट चिकटवले आहे; त्यात १०० किलोओहमचा एक मेटल फिल्म, आणि चिठ्ठी : “खरखर वाढली तर हा बसवून घे. आधी प्लग काढ, कपॅसिटर रिकामे कर, मीटरने शून्य बघ, मगच हात घाल.”